सल्तचा मुहन्नद, सगळ्यांचा सोबती

रुदैना : ...आणि आपल्या वाचनाच्या ॲपबद्दल तिसरी तक्रार झर्का शहरातल्या एका नवऱ्याची. त्याचं म्हणणं असं, की माझी बायको वर्षभर फोनमध्ये डोकं घालून बसायची, मी समजलो, वाचतेय बिचारी. वर्षाच्या शेवटी तुम्हीच तिला कळवलंत, की 'तुमचं वाचनवर्ष' संपलं आणि तुमचा सगळ्यात जवळचा वाचनसोबती आहे सल्तचा मुहन्नद. आता हा मुहन्नद कोण, राहतो कुठे, आणि माझ्या बायकोला आवडतात नेमकी तीच पुस्तकं त्याला का आवडावीत? रास्त प्रश्न आहे. तुझं काय म्हणणं, सल्तच्या मुहन्नद?

मुहन्नद : माझं काय म्हणणं असणार, सित्त रुदैना? ते टेस्टिंगचं खातं होतं.

रुदैना : टेस्टिंगचं खातं. खऱ्या नावाचं, खऱ्या गावाचं, फोटोसकट.

मुहन्नद : फोटो पासपोर्टचा होता.

रुदैना : म्हणूनच अजून हातीपायी धड आहेस. नवरे शोधत आले असतील, पण त्या फोटोवरून तुझी आईसुद्धा तुला ओळखणार नाही.

मुहन्नद : मी मुद्दाम केलं नाही. नवीन पुस्तक ॲपवर चढलं की मी ते उघडून बघायचो. अक्षरं नीट दिसतात का, पान उलटतं का. उघडलं, बंद केलं, पुढचं. कामच ते माझं.

रुदैना : आणि आपलं ॲप इतकं उदार, की उघडलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक.

मुहन्नद : ती उस्ताज शुक्रींची कल्पना.

रुदैना : ठाऊक आहे. मालक आहेत, त्यांच्या कल्पनांना मरण नसतं. 'आकडा मोठा दिसू दे, रुदैना, मोठा आकडा लोक मिरवतात.' वर आणखी एक, की वाचनसोबतीचं कार्ड फक्त शंभरावर पुस्तकं वाचणाऱ्यांना द्यायचं, म्हणजे मान वाटेल. झालं. शंभराच्या वर जो कुणी गेला, त्याचा सोबती तू. दुसरं कोण असणार? सगळीच्या सगळी पुस्तकं उघडणारा या देशात तू एकटा.

मुहन्नद : सगळी नाही. स्वयंपाकाची दोन उघडत नव्हती.

रुदैना : मग मक्लूबा करणाऱ्या बायका तरी वाचल्या म्हणायच्या.

मुहन्नद : चेष्टा करा. तुमचं काय जातंय?

रुदैना : माझं काय जातंय? वर्षभर तक्रारींना उत्तरं कोण लिहितंय? करकच्या त्या कारकुनाला विसरलास? त्याला आपण अभिमानानं सांगितलं, 'आपण सकाळी नऊ ते एक या वेळात सर्वाधिक वाचता.' त्यानं ते कार्ड फेसबुकवर टाकलं. त्याचे साहेब त्याच्या मित्रयादीत. आता तो बदली होऊन वाळवंटातल्या मआनच्या कचेरीत सकाळी नऊ ते एक नुसती वाळू बघतो. बिचाऱ्यानं मला पत्र लिहिलंय, की इथे नेटसुद्धा धड नाही, तेव्हा यंदा माझं वाचन कमी भरेल, क्षमस्व.

मुहन्नद : त्याच्यात माझी चूक नव्हती.

रुदैना : आणि विद्यापीठातले ते प्राध्यापक? त्यांचं वर्षातलं सगळ्यात आवडतं पुस्तक, 'सशाची दहा पिल्लं'. नातू त्यांच्या टॅबवर रोज बघायचा. आपण कार्डावर लिहिलं, 'या लेखनाकडे आपण पुन्हा पुन्हा वळलात.' ते कार्ड आपोआप त्यांच्या विद्यार्थ्यांना गेलं. पोरं अजून त्यांना पाठमोरं बघून कान हलवून दाखवतात म्हणे.

मुहन्नद : ते दुरुस्त केलं मी. मुलांचं खातं आता वेगळं आहे.

रुदैना : केलंस, नाही कशाला म्हणू? म्हणून तर दोघं बसलोय. ऐक, यंदाच्या वाचनवर्षात काय सुधारायचं याची यादी चार वाजता शुक्रींना पाठवायची आहे. कामाचे तास काढून टाकायचे. वाचनाच्या वेगावरून कार्डावर देतो ती उंट, कासव, गरुड ही जनावरं काढून टाकायची. कुणालाही उंट म्हणवून घ्यायला आवडत नाही, मालकांना सोडून. आणि मुख्य, जे शेवटपर्यंत वाचलं तेच वाचलं धरायचं, पान उघडून झोपणाऱ्याचं धरायचं नाही. जुन्या वर्षाची कार्डंही नव्यानं मोजायची. बदल संध्याकाळी चढवायचा आणि सल्तच्या मुहन्नदला मूठमाती द्यायची. तुझी हरकत असेल असं मला वाटत नाही.

मुहन्नद : बाकी सगळं करा. हे शेवटचं थोडं पुढे ढकलू.

रुदैना : कुठवर?

मुहन्नद : पुढच्या वर्षी.

रुदैना : तीनेकशे घरांत तुझ्या नावानं बोटं मोडतात, आणि तुला आणखी एक वर्ष हवंय? हौस भारी आहे रे तुला.

मुहन्नद : बरं, शनिवारपर्यंत. शनिवारी सकाळी मी स्वतः येऊन करतो, हातानं.

रुदैना : आज बुधवार. शनिवारपर्यंत असं काय आहे? खरं सांग. नाहीतर मी आत्ताच यादी पाठवते.

मुहन्नद : शुक्रवारी जाहा आहे.

रुदैना : कुणाची?

मुहन्नद : माझी. आमच्याकडची मोठी माणसं लुजैनचा हात मागायला तिच्या घरी जाणार. मोठे मामा नव्वाफ पुढे बसणार. कॉफी समोर येईल, मामा ती खाली ठेवतील, आणि तिचे वडील हो म्हणाले तरच घोट घेतील.

रुदैना : अरे, मब्रूक. हे आत्ता सांगतोस? मी इथे तुला तासभर सोलतेय आणि तू नवरा मुलगा निघालास. पण मुहन्नद, ही तीच ना लुजैन, जिच्या वडिलांनी तुला दोनदा वाटेला लावलं होतं?

मुहन्नद : तीच. दोन्ही वेळा म्हणाले, संगणकवाल्या पोरांना बटणांपलीकडे जग नसतं, माझी मुलगी पुस्तकांच्या कपाटाखाली वाढली, तिला वाचणारा माणूस हवा.

रुदैना : मग तिसऱ्या वेळेस काय झालं? तू वाचायला लागलास?

मुहन्नद : नाही.

रुदैना : मग?

मुहन्नद : तिसऱ्या वेळेस त्यांनीच फोन केला. गेल्या जानेवारीत.

रुदैना : जानेवारीत, म्हणजे वाचनवर्षाची कार्डं गेली त्याच्या पुढच्याच... थांब. मुहन्नद, नाही म्हण.

मुहन्नद : त्यांनाही कार्ड गेलं.

रुदैना : या अल्लाह.

मुहन्नद : 'अबू आसिम, आपण या वर्षीचे वाचनगरुड आहात. आपला सगळ्यात जवळचा वाचनसोबती, मुहन्नद, सल्त.' फोटो बघितला, नाव बघितलं, आणि मला फोन. म्हणाले, पोरा, मी तुला ओळखलंच नाही. तू माझ्यासारखाच आहेस, आणि बोलला नाहीस एका शब्दानं. याला म्हणतात विनय.

रुदैना : आणि तू काय म्हणालास?

मुहन्नद : मी काहीच म्हणालो नाही.

रुदैना : त्यात त्यांना आणखी विनय दिसला असेल.

मुहन्नद : हो.

रुदैना : माझी आई मला लहानपणी सांगायची, की पुस्तकं वाचली की नशीब उघडतं. नुसती उघडूनही उघडतं हे तिला कुणी सांगितलं नसावं. बरं, मग वर्षभर काय केलंस? तो माणूस पुस्तकांवर बोलत असेल ना तुझ्याशी?

मुहन्नद : दर गुरुवारी. फोन करतात आणि विचारतात, ती मोत्यांच्या व्यापाऱ्याची जाडी कादंबरी वाचलीस ना? मी म्हणतो, वाचली, अम्मो; काका म्हटलेलं आवडतं त्यांना. ते म्हणतात, काय शेवट आहे. मी म्हणतो, शेवटाचं तर विचारूच नका. ते म्हणतात, तेच म्हणतो मी, चटका लावतो. मी म्हणतो, मला तर रडू आलं. मग थोडा वेळ दोघंही गप्प बसतो.

रुदैना : मग?

मुहन्नद : मग ते हवापाणी विचारतात.

रुदैना : एवढंच? व्यापाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, मोती मिळाले की बुडाले, काही नाही?

मुहन्नद : खोलात शिरत नाहीत ते. फार वाचलेली माणसं तशीच असतात.

रुदैना : असतीलही. मला फार वाचलेली माणसं भेटली ती सगळी खोलात शिरून वर यायचंच विसरलेली. असो. आणि लुजैन? तिला ठाऊक आहे तू वाचत नाहीस ते?

मुहन्नद : तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. ती स्वतः वाचते. गेल्या वर्षी तीन पुस्तकं वाचली, सावकाश, कडेला खुणा करत. तिला आपण कासव दिलं.

रुदैना : वा. घरात खरं वाचणारी एक, तिला कासव, आणि पुस्तकांना हात लावून पळणारा जावई गरुडाचा जोडीदार. हे आपलं ॲप.

मुहन्नद : ती रागावली नाही. हसली. पण काल, मोजणी बदलायचं चाललंय हे मी सांगितलं तेव्हा, म्हणाली, मुहन्नद, लग्नानंतर बाबांना कळलं तर तू त्यांना फसवलंस असं होईल, आणि लग्नाआधी कळलं तर लग्नच होणार नाही. मी मध्ये पडणार नाही, तू ठरव.

रुदैना : आणि तू ठरवलंस, शनिवार.

मुहन्नद : तुम्ही हसताय. पण ते कार्ड त्यांनी छापून घेतलंय, सित्त रुदैना. मोठं. सोनेरी चौकटीत. बैठकीच्या भिंतीवर लावलंय, आणि त्याच भिंतीखाली जाहा बसणार. मामा नव्वाफ भाषणही पाठ करतायत, 'ज्ञानाची तहान असलेली दोन घराणी'. मामांनी आयुष्यात मेंढ्यांच्या किमती सोडून काही वाचलेलं नाही. आणि आज संध्याकाळी बदल चढला, की त्यांच्या ॲपवर जुनं कार्ड नव्यानं येणार. माझं नाव गायब. कारण विचारतील. मी काय सांगू? माझं पितळ उघडं पडणार, तेही शुक्रवारच्या आत.

रुदैना : मला तुझं वाईट वाटतंय. खरंच वाटतंय, चेहऱ्यावर दिसत नसेल, तो माझा जन्मजात दोष. पण झर्काची ती बाई घरी वर्षभर टोमणे खातेय. तिनं मला स्वतः लिहिलं, की माझ्या नवऱ्याला एवढं कळवा, मी कुठल्याही मुहन्नदला ओळखत नाही. तिला मी काय उत्तर देऊ? की ताई, शनिवारपर्यंत कळ काढा, मुहन्नदची कॉफी व्हायचीय?

मुहन्नद : तिला सांगा की...

रुदैना : काय?

मुहन्नद : काही नाही. बरोबर आहे तुमचं.

रुदैना : यादी मी चारला पाठवणार. ती थांबणार नाही. तुझ्या सासऱ्याला हे कार्डावरून कळावं की तुझ्या तोंडून, एवढंच काय ते तुझ्या हातात आहे. पाऊण तास आहे. मी बाहेर जाऊन बसू?

मुहन्नद : नको. तुम्ही बसा. तुम्ही समोर नसलात तर मी हवापाणी विचारून फोन ठेवेन.

रुदैना : मग आवाज मोठा कर आणि फोन टेबलावर ठेव. हातात असला की तू बटणं दाबतोस.

(मुहन्नद फोन टेबलाच्या मधोमध ठेवतो. घंटी बराच वेळ वाजते.)

अबू आसिम : अहलन पोरा. आज बुधवार. आपला वार गुरुवार. सर्व क्षेम ना?

मुहन्नद : सगळं ठीक, अम्मो. तुमच्याशी जरा बोलायचं होतं.

अबू आसिम : योग आहे. मलाही तुझ्याशी बोलायचं होतं. सकाळपासून फोन हातात घेतोय आणि ठेवतोय. तू आधी बोल.

मुहन्नद : नाही, तुम्ही मोठे. तुम्ही आधी.

अबू आसिम : ठीक. विषय असा आहे. लुजैन काल जेवताना म्हणाली, की तुमच्या कचेरीत वाचनवर्षाच्या मोजणीत काही फेरबदल विचाराधीन आहेत. हे खरं?

मुहन्नद : खरं आहे, अम्मो. त्याचसाठी मी...

अबू आसिम : थांब. फेरबदलाचं स्वरूप काय? म्हणजे, एखाद्या सद्गृहस्थानं एखादं पुस्तक उघडलं. समज, उघडलं. तर ते यापुढे वाचलं असं धरलं जाणार नाही?

मुहन्नद : नाही. शेवटपर्यंत वाचलं तरच.

अबू आसिम : शेवटपर्यंत.

मुहन्नद : हो.

अबू आसिम : आणि ही सुधारणा मागील वर्षालाही लागू?

मुहन्नद : हो, अम्मो. आज संध्याकाळपासून.

अबू आसिम : पोरा, तू त्या खात्यात वजन राखून आहेस ना? मालक तुझं ऐकतात ना? ही गोष्ट थोडी लांबवता येईल का? शनिवारपर्यंत तरी?

मुहन्नद : शनिवारपर्यंत? तुम्हाला कशाला, अम्मो?

अबू आसिम : तुझ्यापासून काय लपवायचं? ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं माझं वय नाही. पण आधी सांग, तू एकटा आहेस?

मुहन्नद : एकटा... म्हणजे, कचेरीत आहे.

अबू आसिम : ठीक. ऐक मग. मी उभा जन्म मोजणी खात्यात काढला. लोकांच्या जमिनी मोजल्या. साखळी टाकायची, खुंटी ठोकायची, आकडा लिहायचा. माझ्या आकड्यावर भाऊ भाऊ भांडायचे थांबायचे. घरी पुस्तकांचं कपाट होतं ते आसिमच्या आईचं, माझ्या बायकोचं. ती वाचायची, मी कपाट पुसायचो. ती मला रात्री गोष्टी सांगायची आणि मी म्हणायचो, निवृत्त झालो की मीच वाचीन, तू कशाला घसा कोरडा करतेस? ती गेली. मी निवृत्त झालो. लुजैननं फोनवर तुमचं ॲप टाकून दिलं. सकाळी उठून मी एक पुस्तक उघडतो. पहिलं पान वाचतो, मन लावून वाचतो हो. दुसऱ्या पानावर डोळा लागतो. जाग आली की वाटतं, हे काही आपल्याच्यानं होत नाही, दुसरं बघू. दुसरं उघडतो. असं वर्षभर चाललं. आणि वर्ष संपताना तुमच्या ॲपनं मला लिहिलं, अबू आसिम, आपण गरुड आहात. मी कोण नाही म्हणणारा?

मुहन्नद : अम्मो...

अबू आसिम : झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरा. तुमची सुधारणा नेमकी ती मूठ उघडायला निघालीय. परवा तुझे मामा येतील, दहा मोठी माणसं येतील, भिंतीवर बघतील. तेवढ्यात कुणी फोनवर माझं कार्ड काढलं आणि तिथे गरुडाच्या जागी... किती पुस्तकं दिसतील माझी?

मुहन्नद : मला माहीत नाही.

अबू आसिम : मला माहीत आहे. एकही नाही. मोजणीतला माणूस आहे मी. आणि ते एक वेळ चालेल. लाज वाटते ती तुझ्यासमोर. तू एवढा वाचलेला मुलगा. दोनदा तुला परत पाठवलं ते कशाच्या जोरावर, तर वाचणारा नाही म्हणून. आणि वर्षभर तुझ्याशी बोलत राहिलो. मला वाटायचं, आज हा ओळखणार. आज विचारणार, की अम्मो, तो व्यापारी कुठल्या गावचा? तू कधी विचारलं नाहीस. मी मनात म्हणायचो, काय सभ्य पोरगा आहे, जाणूनबुजून सोडून देतो.

मुहन्नद : अम्मो, मी सभ्य नाही.

अबू आसिम : असं बोलू नये.

मुहन्नद : मीही एकही वाचलेलं नाही.

अबू आसिम : एकही म्हणजे? ती कादंबरी?

मुहन्नद : कुठलंच नाही. मी ती उघडायचो ते अक्षर नीट दिसतं का बघायला. पगार त्याचाच मिळतो मला. चुकून माझं नाव मोजणीत गेलं आणि सगळ्यांच्या कार्डावर छापलं गेलं. तुमच्या एकट्याच्या नाही. मी हेच सांगायला फोन केला होता. जानेवारीतच सांगायला हवं होतं, पण तुम्ही 'पोरा' म्हणालात आणि माझी जीभ उचलली नाही. मला लुजैन हवी होती. अजून हवी आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या मनात तुमच्याबद्दल राग नसेल.

अबू आसिम : थांब, खोलीचं दार लावतो.

मुहन्नद : अम्मो? ऐकताय ना?

अबू आसिम : ऐकतोय. मला एक सांग. तू म्हणालास शेवट वाचून रडू आलं.

मुहन्नद : तुम्ही म्हणालात चटका लावतो. म्हटलं, रडण्यासारखा असणार.

अबू आसिम : मी आपलं सहज म्हणालो होतो. आसिमची आई म्हणायची, चांगल्या पुस्तकाचा शेवट चटका लावतो. म्हणजे वर्षभर दर गुरुवारी आपण दोघं ज्या शेवटावर बोलत होतो, तो दोघांपैकी एकालाही माहीत नाही.

मुहन्नद : नाही.

अबू आसिम : आणि त्यानंतर जे गप्प बसायचो?

मुहन्नद : मी घाबरून गप्प बसायचो.

अबू आसिम : मीही.

रुदैना : एकाच माळेचे मणी.

अबू आसिम : कोण बोललं ते? तू कचेरीत एकटा आहेस ना?

मुहन्नद : कचेरीत आहे म्हणालो, अम्मो.

रुदैना : माफ करा, अबू आसिम. मी रुदैना. हा माझ्या हाताखाली काम करतो, म्हणजे तसं कागदावर तरी आहे.

अबू आसिम : म्हणजे आपण हे सगळं ऐकलंत?

रुदैना : ऐकलं नाही. माझे कान नुसते उघडे होते. आमच्या जुन्या मोजणीत ते ऐकलेलं धरलं असतं, नव्या मोजणीत धरणार नाही.

अबू आसिम : नवी मोजणी मग होणारच?

रुदैना : होणारच. जुन्या मोजणीत तुमच्यासारखीच कितीतरी घरं अडकलीत, आणि काहींच्या घरी जाहा नाही, नुसती भांडणं आहेत. पण एक गोष्ट सांगू? गेल्या वर्षी आम्ही तीनेकशे जोड्या लावल्या. सगळ्या चुकल्या असं आत्तापर्यंत समजत होते. पुस्तकं उघडून न वाचणारा माणूस शोधून, त्याच्यासारखाच दुसरा त्याच्या पदरात घालायचा, एवढं अचूक काम आमच्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही.

अबू आसिम : बाईंची जीभ धारदार आहे.

मुहन्नद : मला रोजची आहे, अम्मो.

अबू आसिम : सवय असलेली बरी. लुजैनची तिच्या आईवर गेलीय. ठीक. विषय मिटवू. मोजणीत एक नियम असतो. दोन शेजारी दोघंही बांध कोरत असतील, तर तक्रार कुणाचीच चालत नाही. तू परवा ये.

मुहन्नद : जाहा घेऊन?

अबू आसिम : नाहीतर काय, हवापाणी विचारायला? मामांना सांग, कॉफी गार होणार नाही. भाषण मात्र छोटं करायला सांग, ज्ञानाची तहान वगैरे गाळून.

मुहन्नद : आणि ती चौकट?

अबू आसिम : चौकट मी आज उतरवतो. भिंतीवर डाग दिसेल. मामा धिप्पाड आहेत ना तुझे? त्यांना त्याखाली बसव.

मुहन्नद : बसवतो.

अबू आसिम : आणि लुजैनला यातलं... नको. मीच सांगतो. हसेल आधी, मग दोन दिवस बोलणार नाही, मग कपाटाची किल्ली देईल. तिची आई असंच करायची.

मुहन्नद : अम्मो, मी आता काय करू?

अबू आसिम : तो मोत्यांचा व्यापारी आहे ना, तो उघड. आजच. मीही उघडतो. जेवढं जमेल तेवढं. मला झोप लागली तर तू फोन करायचास, तुला कंटाळा आला तर मी.

मुहन्नद : पहिल्या पानापासून?

अबू आसिम : तू पहिल्यापासून. मी दुसऱ्यापासून, पहिलं माझं पाठ आहे. आणि गुरुवारचा फोन चालू राहील.

मुहन्नद : राहील, अम्मो.

अबू आसिम : आणि पोरा, तू माझ्या पुढे गेलास, तर शेवट सांगू नकोस.